उताऱ्याचे भय : विदर्भ आणि तीव्र ॲलर्जी

सापाच्या विषावर खात्रीचा असा एकच उतारा आहे, तो म्हणजे प्रतिसर्पविष. परंतु हाच उतारा काही रुग्णांच्या शरीरात मिनिटांच्या अवधीत जिवावर बेतणारी ॲलर्जी उत्पन्न करतो, ही वैद्यकातील जुनी अडचण आहे. विदर्भात ती विशेष जाणवते, कारण कापूस, सोयाबीन आणि धानाच्या शेतांत पावसाळाभर सर्पदंशाचा धोका असतो, आणि लहान केंद्रावरच्या डॉक्टरला हे औषध देताना ‘रिॲक्शन आली तर काय’ ही जी धास्ती वाटते, तिच्यापायी रुग्ण कधी कधी औषध न देताच नागपूरच्या ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ या मोठ्या सरकारी रुग्णालयांकडे पाठवला जातो. तीव्र ॲलर्जीचा विचार करताना हे उदाहरण आधी घेण्याचे कारण असे की, ॲलर्जी टाळणे याचा अर्थ सामान्यतः ‘तो पदार्थ टाळणे’ एवढाच घेतला जातो, आणि जेथे पदार्थ टाळता येत नाही, किंबहुना टाळूच नये, तेथे उपचार हाताशी ठेवून पुढे जाणे हेही प्रतिबंधाचेच दुसरे अंग आहे, हे नजरेआड होते.

शरीराच्या संरक्षणव्यवस्थेने एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू मानून दिलेला अतिरेकी प्रतिसाद म्हणजे ॲलर्जी. शिंका, खाज किंवा अंगावर उठणारे चट्टे एवढ्यावर तो बहुधा थांबतो. परंतु तो झपाट्याने सर्व शरीरात पसरून त्वचेबरोबरच श्वसनमार्ग, रक्ताभिसरण किंवा पचनमार्गही त्यात ओढला गेला, की त्या अवस्थेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. पदार्थाशी शरीराची पहिली ओळख बहुधा काहीही त्रास न होता पार पडते, मात्र त्या वेळी काही व्यक्तींच्या रक्तात इम्युनोग्लोब्युलिन-ई या वर्गातील प्रतिपिंडे तयार होतात आणि ती त्वचा, आतडे व श्वासनलिका यांच्या अस्तरांत विखुरलेल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढे तोच पदार्थ पुन्हा आला, की तो या प्रतिपिंडांना चिकटतो, मास्ट पेशी आपल्यातील कण एकदम बाहेर फेकतात आणि हिस्टामिनसारखी रसायने रक्तात मिसळतात. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या सैल पडून पाझरू लागतात, श्वासनलिकांचे स्नायू आवळतात, घसा व जीभ सुजते आणि रक्तदाब कोसळतो. तीव्र झटक्यात 10 मिनिटांच्या आत रक्तातील द्रवाचा तिसऱ्या हिश्श्याएवढा भाग वाहिन्यांबाहेर झिरपू शकतो. म्हणजे बाहेर रक्ताचा थेंबही न सांडता रुग्णाची अवस्था मोठा रक्तस्राव झालेल्या माणसासारखी होते.

या अवस्थेचा शोध अपेक्षेच्या नेमका उलटा निकाल लागल्यामुळे लागला. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी 1901 मध्ये मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या जहाजावर सागरी जीवांच्या विषाचा अभ्यास आरंभला आणि पॅरिसला परतल्यावर समुद्रफुलाचे विष थोड्या मात्रेत टोचून कुत्र्यांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण करता येते का, हे पाहण्यास घेतले. पहिली मात्रा पचवून धडधाकट राहिलेला नेपच्यून नावाचा कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या मात्रेने पाऊण तासही न जगता दगावला. ज्या दुसऱ्या मात्रेने संरक्षण दिसायला हवे होते तिनेच घात केला, म्हणून या घटनेला 1902 मध्ये ‘संरक्षणाच्या उलट’ अशा अर्थाचे ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले गेले, आणि 1913 मध्ये रिशे यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. तिला जबाबदार असणारे प्रतिपिंड मात्र 1966 पर्यंत सापडले नव्हते. ते किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत शोधून काढले.

उपचार त्याच्या कितीतरी आधी उपलब्ध झाला होता. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून स्रवणारे ॲड्रेनालिन हे संप्रेरक विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळते, हृदयाचे ठोके जोरकस करते, श्वासनलिका मोकळ्या करते आणि मास्ट पेशींतून आणखी रसायने बाहेर पडण्यालाही आळा घालते. म्हणजे झटक्याने घडवलेल्या प्रत्येक बिघाडावर त्याचे उत्तर आहे. असे दुसरे औषध नाही. ‘ॲलर्जीचे इंजेक्शन’ म्हणून सर्रास दिली जाणारी हिस्टामिनविरोधी औषधे खाज आणि चट्टे शमवतात, परंतु कोसळलेला रक्तदाब किंवा बंद होत चाललेला घसा यांवर त्यांचा उपयोग नाही. आणि स्टेरॉइडचा परिणाम दिसू लागण्यास काही तास जातात, तेवढा वेळ येथे मिळत नाही. तरीही अनेक ठिकाणी आधी ही दोन इंजेक्शने दिली जातात आणि ॲड्रेनालिन ‘गरज पडल्यास’ म्हणून मागे ठेवले जाते. हा क्रम घातक आहे. प्रौढासाठी अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे 1 मिलिलीटरच्या नेहमीच्या कुपीतील निम्मे औषध, आणि मुलांसाठी वजनाच्या दर किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, लागल्यास कपड्यावरूनही टोचणे आणि उतार न पडल्यास 5 ते 15 मिनिटांनी पुन्हा देणे, ही जगभर मान्य झालेली पद्धत आहे. मांडीचा स्नायू मोठा व रक्ताने भरलेला असल्यामुळे औषध तेथून दंडाच्या किंवा त्वचेखालच्या इंजेक्शनापेक्षा लवकर रक्तात पोचते, म्हणून जागेचा आग्रह धरला जातो.

आता प्रतिसर्पविषाकडे वळता येईल. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष वाढत्या मात्रेत घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून हे औषध तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेची महाराष्ट्राला असलेली ओळख बऱ्याच अंशी याच कामाची आहे. औषध कितीही शुद्ध केले तरी ती घोड्याची प्रथिने असतात, आणि रुग्णाला ती एकदम 8 ते 10 कुप्यांच्या मात्रेत थेट शिरेतून द्यावी लागतात. श्रीलंकेत भारतीय बनावटीचे प्रतिसर्पविष दिलेल्या 1,007 रुग्णांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चारांपैकी तीन रुग्णांना कमी-अधिक रिॲक्शन आली, त्यांतील 43 टक्के तीव्र स्वरूपाच्या होत्या, आणि बहुतेक सर्व पहिल्या तासाभरात उद्भवल्या. लहान केंद्रावरील डॉक्टरची धास्ती निराधार नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

परंतु त्याच चाचणीने पुढचे उत्तरही दिले. प्रतिसर्पविष सुरू करण्याच्या अगदी आधी ॲड्रेनालिनची पाव मिलिलीटर इतकी छोटी मात्रा त्वचेखाली दिलेल्या रुग्णांत पहिल्या तासातील तीव्र रिॲक्शनचे प्रमाण 43 टक्क्यांनी घटले; हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड आणि प्रोमेथाझिन हे हिस्टामिनविरोधी औषध आधी देऊन मात्र काहीही साधले नाही. पूर्वी रुग्णाच्या त्वचेत औषधाचा थेंब टोचून ‘टेस्ट’ घेण्याची जी प्रथा होती, तीही आता राष्ट्रीय उपचारपद्धतीने मोडीत काढली आहे, कारण प्रतिसर्पविषाच्या रिॲक्शन बहुतांशी वर सांगितलेल्या प्रतिपिंडांच्या मार्गाने येतच नाहीत. पहिल्याच भेटीत त्या उद्भवतात, आणि त्वचेवरील चाचणी त्यांचे भाकीत करू शकत नाही. तिच्यात दवडलेली अर्ध्या तासाची मुदत विषाच्या पदरात पडते, एवढाच तिचा परिणाम.

रिॲक्शन आल्यावर काय करायचे, तेही ठरलेले आहे. अंगाला खाज, गांध्या, थंडी वाजून येणे, उलटी किंवा धाप यांपैकी काही दिसताच प्रतिसर्पविषाची धार थांबवायची, ॲड्रेनालिन मांडीत टोचायचे, सलाईन आणि प्राणवायू द्यायचा, आणि रुग्ण सावरला की तीच धार पुन्हा, आधी हळू, सुरू करायची. रिॲक्शन आली म्हणून प्रतिसर्पविष कायमचे बंद करणे म्हणजे रुग्णाला विषाच्या स्वाधीन करणे होय. या सर्व कृतीला लागते ते भरून ठेवलेली सिरिंज, सलाईनची बाटली, प्राणवायूचे नळकांडे आणि पहिला तासभर खाटेपासून न हलणारी एक प्रशिक्षित व्यक्ती. अतिदक्षता विभाग हवाच असे नाही. गडचिरोली ते नागपूर हे अंतर सुमारे 170 किलोमीटर आहे आणि भामरागड-एटापल्लीकडील पाडे त्याहूनही आत आहेत. मण्यारीच्या दंशाने श्वासाचे स्नायू लुळे पडू लागलेल्या किंवा घोणशीच्या दंशाने रक्त गोठणे थांबलेल्या रुग्णाला हा प्रवास उताऱ्याविना करावा लागला, तर टाळलेल्या रिॲक्शनपेक्षा गमावलेला वेळ त्याला महाग पडतो. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने 2024 मध्ये जाहीर केला. या आराखड्याचे यश तालुक्याच्या ठिकाणी ॲड्रेनालिन बिनधास्त वापरले जाते की नाही, यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहील.

विदर्भाच्या जंगलात ॲलर्जीचे दुसरे मोठे कारण झाडाच्या उंच फांदीवर लटकलेले असते. आग्या मोहोळाच्या माशा उन्हाळ्याच्या तोंडाशी सावर, बेहडा यांसारख्या उंच झाडांवर, तसेच शहरांत पाण्याच्या टाक्या आणि जुन्या इमारतींच्या सज्जांखाली उघडी पोळी बांधतात, आणि मोह व तेंदूपाने वेचण्याचा हंगामही हाच असतो. येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. शेकडो माशा चावल्या तर विषाच्या एकूण मात्रेनेच स्नायू व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि हे कोणाच्याही बाबतीत घडेल. मात्र ज्याच्या शरीरात मधमाशीच्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली आहेत, त्याला एक माशीही पुरे असते. पूर्वी एकदा माशी चावल्यावर दंशाच्या जागेपासून दूर, म्हणजे पायाला चावली असता तोंडावर सूज, सर्वांगावर गांध्या किंवा चक्कर असा त्रास झालेल्या माणसाने पुढील दंशाला भ्यायलाच हवे. नुसता चावलेला हात खांद्यापर्यंत सुजला असेल, तर तेवढे भय बाळगण्याचे कारण नाही.

मधमाशी चावल्यावर तिची काटेरी नांगी विषाच्या पिशवीसह त्वचेतच अडकून राहते, आणि माशी उडून गेल्यावरही त्या पिशवीचे स्नायू आकुंचन पावत विष आत ढकलत राहतात. त्यामुळे नांगी चिमटीने काढावी की नखाने खरवडावी या वादात पडण्यापेक्षा ती तत्क्षणी काढणे महत्त्वाचे, कारण विषाची मात्रा काढण्याच्या रीतीपेक्षा काढायला लागलेल्या वेळेवर ठरते. नांगीसोबत सुटणारा पिकल्या केळ्यासारखा वास इतर माशांना हल्ल्याची वर्दी देतो, म्हणून तेथेच थांबून माशा झटकत बसणे हिताचे नसते. तोंड झाकून सरळ पळत सुटावे आणि घरात किंवा बंद गाडीत शिरावे. पाण्यात उडी घेतल्याने माशा निघून जात नाहीत, त्या वर घिरट्या घालत राहतात. पोळ्याखाली धूर करणे, दगड मारणे किंवा लग्नाच्या वरातीत झाडाखालीच फटाके लावणे हे प्रकार तर स्वतःसह इतरांनाही संकटात टाकणारे आहेत. ज्यांना मधमाशीच्या विषाची ॲलर्जी सिद्ध झाली आहे त्यांच्यासाठी विषाचीच अल्प मात्रा वाढवत नेत काही वर्षे देण्याचा उपचार आहे आणि तो बहुसंख्य रुग्णांना पुढील दंशापासून वाचवतो. परंतु तो भारतात मोजक्याच ठिकाणी मिळतो.

औषधांपैकी पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातील प्रतिजैविके, तसेच वेदनाशामके ही नेहमीची कारणे होत. गोळीपेक्षा इंजेक्शनाने लवकर बरे वाटते हा समज गावोगावी आहे, आणि इंजेक्शनाने झटकाही तितकाच लवकर येतो. ब्रिटनमधील प्राणघातक प्रकरणांच्या एका अभ्यासात औषध दिल्यापासून श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यम काळ 5 मिनिटे, कीटकदंशात 15 मिनिटे आणि अन्नात 30 मिनिटे आढळला. यातून दोन साधे नियम निघतात. गोळीने भागत असेल तेथे इंजेक्शन मागू नये. आणि इंजेक्शन घेतल्यावर लगेच दुचाकीला किक न मारता अर्धा तास तेथेच बसावे, जसे 2021 मध्ये करोनाच्या लसीनंतर सर्वांना बसवले जात होते. तरीही पेनिसिलिनचे भय प्रमाणाबाहेर वाढू देणे योग्य नाही. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत म्हणून मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिन टोचावे लागते. अशा 1,790 रुग्णांच्या 32,430 इंजेक्शनांचा 1991 मध्ये प्रसिद्ध झालेला आंतरराष्ट्रीय अभ्यास पाहता ॲनाफिलॅक्सिसची प्रकरणे अवघी 4 होती. इंजेक्शन थांबवल्याने झडपांची होणारी हानी त्या तुलनेत फार मोठी आहे.

अन्नाच्या बाबतीत पाश्चात्त्य देशांत शेंगदाण्याचा धसका आहे. भारतात हरभऱ्याकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. नागपूरच्या खाण्यात तर हरभरा जागोजागी आहे: तर्री-पोह्यांवरच्या चण्याच्या तर्रीत, पाटवडीत, झुणक्यात, वडा-भाताच्या वड्यात आणि भज्यांच्या कढईत. सांबारवडीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. तिच्या पारीत बेसन व मैदा असतो, आणि आत कोथिंबिरीबरोबर खसखस, तीळ, सुके खोबरे व कधी काजू किंवा चारोळी असते. म्हणजे तळहातावर मावणाऱ्या एका वडीत ॲलर्जी निर्माण करू शकणारे पाच-सहा पदार्थ एकत्र येतात आणि त्यांतले बाहेरून एकही ओळखू येत नाही. सावजी रश्शाला पूर्वापार वापरले जाणारे जवसाचे तेल आणि जेवणाच्या ताटातील जवसाची चटणी यांचीही हीच गोष्ट. जवसाने ॲनाफिलॅक्सिस आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

वेष्टनावर ॲलर्जीकारक घटक छापण्याचे बंधन भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी घातले. त्यांत ग्लूटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा समावेश आहे. हरभरा आणि तीळ त्या यादीत नाहीत. अमेरिकेने 2023 पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा केला. संक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटणाऱ्या आणि रोजच्या जेवणात बेसन वापरणाऱ्या देशाने या दोन पदार्थांची नोंद आधी घ्यायला हवी होती. ठेल्यावरच्या व लग्नाच्या पंगतीतील सुट्या पदार्थांना तर वेष्टनच नसते. तेथे विचारणे हाच मार्ग उरतो, आणि प्रश्नही ‘यात हरभरा आहे का’ एवढ्यावर न थांबता ‘याच तेलात भजी तळली का’ इथपर्यंत न्यावा लागतो. दुसरीकडे, एखादे फळ खाऊन एकदा पोट बिघडले म्हणून ते ‘ॲलर्जी’च्या खात्यात टाकून मुलांचा आहार आखडत नेणे हेही नुकसानकारक आहे. खरी ॲलर्जी तज्ज्ञाने इतिहास विचारून आणि चाचणी घेऊन ठरवावी, नुसत्या रक्तचाचणीच्या लांबलचक यादीवरून ती ठरत नाही.

घरी झटका ओळखण्यात सर्वांत मोठा उशीर पहिल्या खुणेपाशीच होतो. अंगावर गांध्या उठल्या की ‘पित्त उठले’ म्हणून आमसुलाचे पाणी चोळले जाते, आणि केवळ त्वचेचा त्रास असेल तोवर त्यात काही बिघडत नाही. परंतु गांध्यांबरोबर आवाज घोगरा झाला, छातीत घरघर सुरू झाली, वारंवार उलटी झाली किंवा उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, की ती वेळ 108 क्रमांकावर फोन करण्याची असते. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. धाप फार असेल तर बसू द्यावे. रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला एकदम उभे करणे किंवा दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेणे यांमुळे हृदयाकडे परतणारे रक्त आणखी आटते, आणि अशा हालचालीनंतर काही क्षणांत मृत्यू ओढवल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. झटका ओसरल्यावर काही तासांनी तो दुसऱ्यांदा उसळू शकतो, म्हणून बरे वाटले तरी रुग्णालयातील देखरेख सोडून येऊ नये.

एकदा झटका येऊन गेलेल्या व्यक्तीने ॲड्रेनालिन सोबत बाळगावे, असे तज्ज्ञ सांगतात. पाश्चात्त्य देशांत त्यासाठी स्वयंचलित पेन मिळते. ते भारतात सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे डॉक्टरच्या चिठ्ठीने घेतलेली कुपी, 1 मिलिलीटरची सिरिंज आणि ती भरण्याचा सराव यांवरच बहुतेक कुटुंबांची भिस्त असते. घाबरलेल्या हातांना काचेची कुपी फोडून नेमकी मात्रा खेचणे जड जाते, म्हणून घरातील किमान दोघांनी दवाखान्यात जाऊन ते डॉक्टरांसमोर करून पाहावे. नागपुरात याला उन्हाची जोड मिळते. ॲड्रेनालिन प्रकाश व उष्णता या दोहोंनी खराब होते, ते 25 अंशांखाली ठेवायचे असते, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला असता दुचाकीच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ठेवलेली कुपी निकामी होण्याचा धोका असतो. कुपीतील द्रव गुलाबी किंवा तपकिरी झाला असेल, अथवा मुदत उलटली असेल, तर ती बदलावी. गावाला जाताना ती ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात, कुपीला पाणी लागणार नाही अशी, सोबत न्यावी. कुपीबरोबर एक कागद असावा, आणि त्यावर कोणत्या पदार्थाने किंवा औषधाने, कोणत्या साली, काय झाले, मांडीत किती मात्रा द्यायची आणि रक्तदाबाची कोणती औषधे चालू आहेत, हे मराठी व इंग्रजी दोन्हींत लिहिलेले असावे, कारण बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांवर ॲड्रेनालिनचा परिणाम कमी होऊ शकतो आणि हे त्या वेळी समोरच्या डॉक्टरला आधीच ठाऊक असावे लागते.